बाल्कनीत पहिल्यांदाच बटाटे लावायचे आहेत. घरातल्या मोड आलेल्या बटाट्यांपासून सुरुवात करू का? कुंडी केवढी लागेल?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तिसऱ्या मजल्यावर दक्षिणेकडची बाल्कनी आहे, बागेचा अनुभव शून्य आहे, टोपलीतल्या चार बटाट्यांना मोड आलेत आणि एका व्हिडिओत पाहिल्यासारखी उंच पिंपात थरांवर थर लावून बटाट्यांची रास काढायची इच्छा आहे. बटाटे नक्की येतील. पिंपाचं मात्र डोक्यातून काढून टाका, त्याचं कारण पुढे लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप जुळेल. बटाटा मुळाला लागत नाही, खोडाला लागतो. जमिनीखाली खोडातून आडवे पांढरे फुटवे निघतात, त्यांना स्टोलन म्हणतात. लागवडीनंतर साधारण महिन्याभराने माती हलकेच बाजूला केली तर ते सुतळीएवढे जाड, पांढरेशुभ्र दिसतात. टोक आकड्यासारखं वाकलेलं असतं आणि त्या वाकणाच्या मागे मसुराएवढी गाठ धरलेली असते. तोच बटाटा. ही गाठ धरायला त्या फुटव्याला तीन गोष्टी लागतात: गारवा, अंधार आणि सारखा ओलावा. कुंडीतले बटाटे फसतात ते यातलं एखादं चुकल्यामुळे, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकतो तो गारवा.

म्हणून पहिला प्रश्न कुंडीचा नाही, तारखेचा आहे. मातीचं तापमान १५ ते २० अंश असताना बटाटा सर्वांत चांगला पोसतो. रात्री २२ अंशांच्या वर राहिल्या की गाठी कमी धरतात आणि माती ३० अंशांच्या पुढे गेली की धरणं जवळजवळ थांबतं. झाड वर हिरवंगार, कमरेएवढं आणि खाली काहीच नाही, ही तक्रार बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेल्या कुंड्यांची असते. पुण्यात ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावा. नागपूर, नाशिक, संभाजीनगरकडेही हाच काळ. मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्री उशिरा गार होतात, तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस लावा, ७५ ते ९० दिवसांत येणारी जात घ्या आणि उत्पन्नाची अपेक्षा कमी ठेवा. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाळ्यातही बटाटा घेतात हे खरं, पण तिथली हवा आणि निचऱ्याची जमीन वेगळी. बाल्कनीत पहिल्याच वर्षी जून-जुलैची लागवड करू नका. बेणं, म्हणजे लावलेला बटाटा, कुजतं.

तुमची बाल्कनी दक्षिणेची आहे ही मोठीच जमेची बाजू. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात सावलीत असणाऱ्या कठड्यावरही ऊन आतपर्यंत येतं. रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. ते कुठे पडतं हे लावायच्या आधी एक दिवस बघून ठेवा.

आता टोपलीतले मोड आलेले बटाटे. लावता येतात, उगवतातही. अडचण दोन प्रकारची आहे. एक म्हणजे खायचा बटाटा कुठल्या जातीचा, किती दिवसांत येणारा, हे कळत नाही आणि त्यात विषाणूरोग असेल तर तो झाडात उतरतो. पानं चुरगळलेली, झाड खुजं, खाली लिंबाएवढे चार बटाटे. दुसरी म्हणजे शीतगृहातल्या खायच्या बटाट्याला काही वेळा मोड येऊ नयेत म्हणून औषधाची धुरी दिलेली असते. तो महिनाभर ठेवला तरी डोळे झोपलेलेच राहतात. तुमच्या बटाट्यांना मोड आलेत म्हणजे ही दुसरी अडचण नाही. मोड जाड आणि टणक असतील तर एका ग्रो बॅगेत (माती भरून झाडं लावायच्या पिशवीत) ते लावून बघा, पण बाकीच्या बॅगांसाठी बेणंच आणा. मंचरच्या बाजारात पंजाबातून, विशेषतः जालंधर भागातून बेणं येतं. तिथे माल पोत्याने विकला जातो, पण बाग करणारे दोघे-तिघे मिळून घेऊ शकतात किंवा हंगामात रोपवाटिकेत सुटं बेणं विचारता येतं. कुफरी पुखराज ७० ते ९० दिवसांत येतो आणि नवख्यासाठी तोच सोयीचा. कुफरी ज्योती घेतली तर ९० ते ११० दिवस धरून चला. (कुफरी हे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींच्या नावाआधी ते लागतं.)

बेणं ३० ते ५० ग्रॅमचं, म्हणजे कोंबडीच्या अंड्याएवढं किंवा जरा लहान, अख्खं घ्या. मोठा बटाटा कापून लावता येतो, पण कापलेला तुकडा कुजण्याचं प्रमाण कुंडीत जास्त असतं. कापायचाच असेल तर प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवा आणि तुकडे सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस पसरून कापलेल्या बाजूवर कोरडी साल धरू द्या. मगच मातीत घाला.

लावायच्या आधी १०-१५ दिवस बेणं अंड्याच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. उजेडात निघालेला कोंब आखूड, जाड, हिरवट-जांभळा असतो आणि बुडाशी मुळांचे बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसतात. असा सेंटिमीटरभराचा कोंब सगळ्यात चांगला. अंधाऱ्या कपाटात वाढलेले लांब पांढरे कोंब हात लागताच तुटतात.

कुंडीचं माप: १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच ग्रो बॅग घ्या, त्यात साधारण ४० लिटर माती बसते. अशा बॅगेत दोन बेणी. तीन लावली तर बटाटे संख्येने जास्त पण आकाराने लहान येतात. रंगाची २० लिटरची रिकामी बादली असेल तर एकच बेणं. १२ इंचांपेक्षा कमी खोलीची कुंडी वापरू नका. सिमेंटची पोती एका हंगामाला चालतात, उन्हाने विरतात म्हणून उचलताना सांभाळा. बादलीला तळाशी बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा आणि खाली दोन विटा द्या. भिजलेली ४० लिटरची बॅग ३५ किलोच्या आसपास जाते, तेव्हा चार-पाच बॅगा बाल्कनीच्या बाहेरच्या कठड्याशी रांगेने न ठेवता भिंतीच्या बाजूला ठेवा.

माती तीन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, भिजवलेलं कोकोपीट चार भाग. माती तांबडी किंवा पोयट्याची घ्या. नुसती काळी माती कुंडीत दगडासारखी आवळते आणि बटाटे वेडेवाकडे होतात. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते. ते दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. प्रत्येक बॅगेच्या मिश्रणात १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम हाडाचं खत मिसळा. ताजं शेण अजिबात नको. आणि चुलीची राख किंवा चुनाही नको. बागेत सगळीकडे राख टाकायची सवय असते, पण बटाट्याला किंचित आंबट माती मानवते आणि राखेने ती उलट दिशेला जाते. मग सालीवर खडबडीत खपल्या येतात.

बॅगेची कड बाहेरून खाली गुंडाळा, म्हणजे उगवत्या कोंबाला ऊन-वारा मिळेल. तळाशी १२ सेंटिमीटर मिश्रण, त्यावर एकमेकांपासून वीतभर अंतरावर दोन बेणी, कोंब वर, आणि वरून ८ सेंटिमीटर मिश्रण. मिश्रण आधीच ओलसर असावं: मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. असं असेल तर पहिले चार-पाच दिवस पाणी घालू नका. बेणं कुजतं ते बहुतेक याच आठवड्यात, मायेने रोज घातलेल्या पाण्यामुळे. कोंब १०-१५ दिवसांत वर येतो. तीन आठवडे झाले आणि काहीच नाही, तर बोटाने माती उकरून बघा. बेणं टणक असेल तर थांबा, लिबलिबीत झालं असेल तर काढून टाका.

झाड वीतभर झालं की भर लावायची. खालची पानं झाकून वरचा चार बोटांचा शेंडा उघडा राहील इतकं मिश्रण घाला आणि बॅगेची गुंडाळलेली कड तेवढी वर काढा. १२-१५ दिवसांनी पुन्हा एकदा. वर पाणी घालायला दोन-तीन बोटं जागा मोकळी राहिली की थांबा. दोन भरी पुरतात. आता त्या पिंपाबद्दल. भर लावत गेलं की खोडभर, वरपर्यंत बटाटे लागत जातात असं व्हिडिओत सांगतात. आपल्याकडच्या लवकर येणाऱ्या जातींत तसं होत नाही. बटाटे बेण्याच्या आसपास आणि त्याच्या जरा वरच लागतात, तीन-चार फूट माती वाया जाते आणि तळाशी पाणी साचतं ते वेगळंच. भर लावायची ती बटाट्यावर ऊन पडू नये, माती गार राहावी आणि पाकोळीला (हा एक लहान पतंग) बटाट्यावर अंडी घालता येऊ नयेत म्हणून. ही पाकोळी महाराष्ट्रात बटाट्याची मोठी शत्रू आहे. मातीला भेग पडून बटाटा उघडा दिसला की तिचं काम झालं. तिची अळी बटाट्यात बोगदे करते.

इथे गारव्याकडे पुन्हा येतो. बॅग काळी असेल आणि उन्हात असेल तर हवा २८ अंश असताना बॅगेच्या कडेची माती त्याहून बरीच तापते. बाहेरून गोणपाट गुंडाळा, वर वाळलेल्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर द्या. एवढ्याने खूप फरक पडतो.

पाणी घालायचं ते बोट बघून. दोन पेरं बोट मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी. सुरुवातीला एका बॅगेला दिवसाआड लिटर-दीड लिटर पुरतं, झाड भरल्यावर रोज दोन लिटरपर्यंत लागतं. लागवडीपासून २५ ते ४५ दिवसांत गाठी धरतात, त्या काळात माती एकदाही कडक वाळू देऊ नका. आठवडाभर कोरडी आणि मग एकदम बादलीभर पाणी, असं झालं की बटाटे तडकतात किंवा त्यांना आल्यासारखे फुगवटे येतात.

पहिल्या भरीबरोबर दोन मुठी गांडूळखत द्या. त्यानंतर नत्राचं काही नको, युरिया तर मुळीच नको, नुसता पाला माजेल. ४५व्या दिवसाच्या सुमारास ०:०:५० हे पालाशचं विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम मिसळून प्रत्येक बॅगेला लिटरभर द्या, १५ दिवसांनी पुन्हा एकदा.

मावा आणि फुलकिडे पानांच्या पाठीमागे बघायचे. दिसले तर लिटरभर पाण्यात ५ मिलि नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. पानांवर गोल चकत्यांमध्ये चकत्या असलेले तपकिरी डाग म्हणजे लवकर येणारा करपा. ती पानं तोडून घराबाहेर टाका. ढगाळ, दमट, गार हवेत पानांच्या कडा एकदम काळवंडल्या आणि मागे पांढरी बुरशी दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. तो दोन-चार दिवसांत झाड संपवतो. असं हवामान दिसताच, डाग पडायच्या आधी, मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारलेलं उपयोगी पडतं, नंतर फारसं नाही. पाणी नेहमी बुंध्याशी घाला, पानांवर नको.

फुलं आली नाहीत तरी काळजी करू नका, खाली बटाटे असतात. फुलानंतर टोमॅटोसारखी हिरवी फळं धरली तर ती विषारी आहेत, घरात लहान मूल असेल तर तोडून टाका.

पुखराजचा पाला ७०-७५ दिवसांनी पिवळा पडायला लागतो. तिथे पाणी बंद करा. आठ-दहा दिवसांनी पाला मातीलगत कापा आणि बटाटे आणखी दहा दिवस मातीतच राहू द्या. मग एक काढून अंगठ्याने साल चोळा. साल निघाली तर अजून थांबा, घट्ट राहिली तर बॅग ताडपत्रीवर उलटी करा. खुरपं वापरू नका, बटाटे चिरतात. धुऊ नका. सावलीत गोणपाट पांघरून आठ-दहा दिवस पसरून ठेवा, मग अंधाऱ्या, हवेशीर जागी. हिरवे पडलेले बटाटे खाऊ नका, त्यातलं सोलानिन हे विष शिजवल्याने जात नाही.

दोन बेण्यांच्या बॅगेतून पहिल्या वर्षी किलो-सव्वा किलो मिळाले तर लागवड उत्तम जमली असं समजा. त्यातले लहान बटाटे पुढच्या ऑक्टोबरसाठी बेणं म्हणून ठेवायचा मोह होईल, पण शीतगृहाशिवाय ते आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत, आणि माव्याने आणलेला विषाणूही त्यांच्यातून पुढे जातो. बेणं दरवर्षी नवं घ्या. रिकाम्या झालेल्या मातीत टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका, ती एकाच कुळातली आहेत. मूठभर गांडूळखत मिसळून मेथी किंवा चवळी टाका.