तायकिळ्याचा लेप गजकर्णावर: कसा करायचा, कुठे बिघडतो

तायकिळ्याचा (घाटावर याला टाकळा म्हणतात) पाला गजकर्णावर नुसता चोळला तर चालेल का, असा प्रश्न आहे. चालतो, पण जोर बियांत जास्त. संस्कृतात याला चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात, दद्रु म्हणजे गजकर्णच.

आधी झाड नीट ओळखा. तायकिळ्याला एका देठावर पानांच्या तीनच जोड्या, टोकं गोलसर, चुरगळलं की उग्र वास, शेंग बारीक, लांब आणि वाकडी. पानं टोकदार नि जोड्या चार-पाच असतील तर तो कासविंदा. त्याच्या बिया पोटात गेल्या तर मुलांना जिवावर बेतू शकतं, म्हणून अशी झुडपं दारात वाढू देऊ नका.

पावसात बी मिळत नाही. शेंगा दिवाळीनंतर वाळतात, तेव्हाच काढून बरणीत भरून ठेवायच्या. बी दगडासारखं असतं. एक मोठा चमचा बी मिक्सरमध्ये कोरडंच भरड करा, तीन-चार चमचे आंबट ताकात रात्रभर भिजवा आणि सकाळी गंधासारखं वाटा. काही जण ताकाऐवजी लिंबाचा रस घेतात. त्याने आग जास्त होते, फायदा जास्त होतो असं नाही.

लेप लावताना चूक होते ती इथे. गजकर्ण मध्ये बरं दिसतं, पण कडेने पसरत असतं. म्हणून कडेच्या बाहेर बोटभर कातडीपर्यंत पातळ थर द्या. वीस मिनिटांत धुवा, पूर्ण कोरडं करा. रात्रभर ठेवलेला लेप तडकतो, त्वचा सोलते आणि मग गजकर्ण कुठलं नि भाजणं कुठलं ते कळत नाही. आधी हाताच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस बघा. चेहरा, जांघ, ओली जखम इथे हा लेप नकोच.

खाज दोन-तीन दिवसांत कमी झाली म्हणून सोडलं, की परत येतं. गोव्याच्या पावसाळ्यात टॉवेल नि आतले कपडे सुकतच नाहीत, निम्मा दोष त्यांचा. इस्त्री फिरवा.

दुकानातून आणलेलं स्टेरॉइडवालं मलम आधी लावलं असेल तर लेपाच्या भानगडीत पडू नका. डाग वरवर फिका दिसतो, आत पसरत जातो. तसंच डोक्यातलं, नखातलं, मधुमेहींचं किंवा दोन आठवड्यांत न आवरलेलं गजकर्ण त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. डोक्यात असेल तर पोटातून गोळ्या लागतात.

तायकिळ्याच्या भाजीबद्दलही विचारलंय: फुलं यायच्या आधीचे कोवळे शेंडेच घ्या, नंतर कडू होतात. फणसाच्या आठळ्या, ओली मिरची, खोबरं, झाकण न ठेवता शिजवा म्हणजे वास जातो. पोट साफ करणारी आहे, त्यामुळे पहिल्यांदा वाटीभरच, आणि गरोदर बाईला आग्रह नको. रस्त्याकडेची, तणनाशक मारलेली तर मुळीच नको.