जॉर्ज मोरलंडकडून काय घ्यावे

चि. चित्रकारास,
अनेक आशीर्वाद.

गुराढोरांची चित्रे शिकण्यासाठी कोणाकडे पाहावे, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर इंग्रज चित्रकार जॉर्ज मोरलंड हे आहे. मात्र त्याचे सगळेच घेऊ नकोस. १७६३ मध्ये लंडनला जन्मलेल्या या माणसाला चित्रकार वडिलांनी लहानपणापासून नकला काढायला बसवले, त्यामुळे हात लवकर तयार झाला. पण त्याची खरी शाळा भरली ती लंडनलगतच्या पॅडिंग्टनला राहत असताना. तेथे त्याने घोडा, डुकरे, बकऱ्या, कुत्री असा गोतावळाच पाळला होता आणि समोरच्या ‘व्हाइट लायन’ या खानावळीचा तबेला त्याच्या रोजच्या पाहण्यातला होता.

त्याच तबेल्यावरून काढलेले मानले जाणारे, आज टेट संग्रहालयात असलेले ‘इनसाइड ऑफ अ स्टेबल’ (१७९१) हे चित्र सावकाश पाहा. दोन घोडे आणि एक तट्टू आत आणले जात आहेत आणि एक गडी वाकून पेंढा गोळा करतो आहे, एवढाच प्रसंग. पण कामावरून परतलेल्या जनावराची मान कशी उतरते आणि त्याच्या पाठीवर उजेड कसा पसरतो, हे त्यात ज्या नेमकेपणाने आले आहे, ते कल्पनेने साधत नाही. घोडा येथे कोणा उमरावाचे वैभव नाही, कामकरी प्राणी आहे. मला हे चित्र सर्वांत प्रिय आहे ते त्यासाठीच.

पुढचा मोरलंड मात्र जपून पाहा. त्याच्या चित्रांच्या छापील प्रती खूप खपत (मेहुणा विल्यम वॉर्ड हाच त्या प्रतींसाठी धातूच्या पत्र्यावर चित्र कोरणारा एक नामांकित खोदकार), पण मद्य आणि कर्ज यांपुढे ती कमाई पुरली नाही. १८०० ते १८०४ या काळात केवळ आपल्या भावासाठीच त्याने १९२ चित्रे काढल्याची नोंद आहे. मोबदला दिवसाला चार गिनी (तेव्हाचे इंग्रजी सोन्याचे नाणे) आणि वर दारू. अशा घाईत पाठ झालेली डुकरे आणि पाठ झालेली झाडे पुन्हा पुन्हा उतरत राहिली. १८०४ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, कर्जापायी अटकेत असतानाच तो वारला.

तुझ्याही हाताला वेग आहे, म्हणून हे लिहितो. पुढच्या खेपेस एकाच जनावराची, निरनिराळ्या वेळी समोर बसून काढलेली रेखाटने पाठव. रंग इतक्यात लावू नकोस.

तुझा शुभचिंतक