पहिल्यांदा कमळ लावताय? आधी माती बघा

सोलापुरात राहताय, तर कमळासाठी माती विकत आणू नका. आपली काळी चिकणमाती यासाठी उत्तम. नर्सरीतलं कोकोपीट आणि गांडूळखताचं मिश्रण मात्र टाळा. कोकोपीट तरंगतं, खत कुजतं आणि पाण्याला वास मारतो.

टब रुंद घ्या, तळाला भोक नको. पाच-सहा इंच माती, वर तेवढंच पाणी. कंद आडवा ठेवा आणि कोंबाला अजिबात धक्का लावू नका. तो फार ठिसूळ असतो, मोडला तर कंद बहुतेक वाया जातो. बियांपासून करायचं असेल तर टणक कवच एका टोकाला पॉलिश पेपरवर घासा, आतला पांढरा गर दिसला की थांबा, आणि बी पाण्यात टाका. पाणी रोज बदला.

ऊन पाच-सहा तास हवंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला तरी कमळ तग धरतं, पण पाणी झपाट्याने आटतं. संध्याकाळी भर घाला. थंडीत पानं पिवळी पडली म्हणून घाबरू नका, कंद विश्रांती घेतो. तेव्हा खत देऊ नका.

डासांसाठी गप्पी मासे सोडा, औषध नको.

आणि कळकळीची विनंती: फुलं सुंदर दिसतात म्हणून जलपर्णी घरी आणू नका. तिचा एक तुकडा नाल्यातून तलावात पोचला तरी ती बघता बघता पाणी झाकते, खालचा प्राणवायू घटतो, मासे मरतात.