श्वासनलिकेची सूज सारखीच, मग औषध वेगळे का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून दमा आहे आणि वडिलांना गेल्या काही वर्षांपासून सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार). वडिलांनी उमेदीची सगळी वर्षे विड्या ओढल्या. दोघांनाही धाप लागते, दोघांच्याही छातीत घरघर होते आणि दोघांच्याही बाबतीत डॉक्टरांनी ‘श्वासनलिकांना आतून सूज आहे’ असेच सांगितले. भावाला स्टेरॉइडचा पंप एकही दिवस चुकवायचा नाही अशी ताकीद आहे. वडिलांचा पंप बदलताना मात्र त्यातले स्टेरॉइड काढून टाकले. वय झाले म्हणून वडिलांना कमी औषध देत आहेत का, ही शंका आईच्या मनातून जात नाही. (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : असा निर्णय वय पाहून घेतला जात नाही. तो रुग्णाच्या श्वासनलिकेत कोणत्या पेशी जमल्या आहेत आणि त्या कोणाच्या सांगण्यावरून जमल्या आहेत, हे पाहून घेतला जातो. बाहेरून एकसारखी दिसणारी सूज आतून दोन अगदी निराळ्या निरोपांवर चाललेली असू शकते, आणि स्टेरॉइड त्यांपैकी एकाच प्रकारात नीट काम करते.

प्रौढ माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण आणि जंतू येत राहतात. वायुकोशांत फिरणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी हा कचरा गिळून टाकतात आणि बहुतेक वेळा त्याचा गाजावाजा करत नाहीत. हे गप्प राहणेही आपोआप घडत नाही. वायुकोशाच्या अस्तरातील पेशी टीजीएफ-बीटासारखी प्रथिने वापरून त्यांना सतत शांत ठेवत असतात. तसे नसते, तर रस्त्यावरची धूळ नाकात गेली तरी न्यूमोनियासारखी प्रतिक्रिया उमटली असती.

जंतू खरोखरच घातक असला, तर पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही त्याला ओळखतात आणि निरोप आत पोहोचतो. पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन असते. एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने त्याला जखडून ठेवलेले असते. निरोप आला की हे जखडणारे प्रथिन नष्ट केले जाते, एनएफ-कप्पा-बी मोकळे होऊन केंद्रकात शिरते आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ अशा संदेशवाहक प्रथिनांची जनुके चालू करते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली हे प्रथिन शोधले, तेव्हा ते प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींचा अभ्यास करत होते; दाहाशी त्याचा किती जवळचा संबंध आहे हे पुढे उलगडत गेले. या यंत्रणेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब अशी, की एनएफ-कप्पा-बी जी जनुके चालू करते त्यांत त्याला पुन्हा जखडणाऱ्या प्रथिनाचेही जनुक असते. म्हणजे सुरू करण्याच्या हुकमातच थांबण्याची तजवीज केलेली असते.

पेशींच्या पातळीवरही असेच घडते. इंटरल्यूकिन-८ च्या मागावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात आणि थोड्याच काळात स्वतः मरतात. त्यांची कलेवरे मॅक्रोफेज गिळतात, आणि ती गिळल्यावर त्याच मॅक्रोफेजचा नूर बदलून त्या इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे शमवणारे निरोप सोडू लागतात. याखेरीज नियामक टी पेशी नावाचा एक वर्गच इतर पेशींना आवरण्याचे काम करतो. त्यांच्याशी निगडित संशोधनासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. सूज ओसरणे हे सूज येण्याइतकेच मेहनतीचे काम आहे. फुप्फुसाच्या जुनाट आजारांत एक तर चिथावणी थांबत नाही किंवा आवरणारे निरोप तोकडे पडतात. पुष्कळदा दोन्ही होते.

आता तुमच्या भावाकडे वळू. ॲलर्जीच्या दम्यात धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे कण, बुरशी किंवा परागकण श्वासनलिकेच्या अस्तराला डिवचतात आणि अस्तरातील पेशी टीएसएलपी, इंटरल्यूकिन-३३ आणि इंटरल्यूकिन-२५ हे निरोप सोडतात. त्यांच्यामुळे जागी झालेली टी पेशींची एक विशिष्ट जात तीन निरोप पाठवते आणि दम्याची जवळजवळ सगळी लक्षणे या तिघांत वाटलेली आहेत. इंटरल्यूकिन-४ मुळे बी पेशी आयजीई हे प्रतिपिंड बनवू लागतात, इंटरल्यूकिन-५ मुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात व टिकून राहतात, आणि इंटरल्यूकिन-१३ मुळे चिकट कफ वाढतो व नलिकेचे स्नायू थोड्याशा कारणानेही आवळू लागतात. ही सारी साखळी स्टेरॉइडला चांगली दाद देते, पण औषध रोज पोहोचले तरच, कारण चिथावणी रोजची असते. पंप घेतल्यावर बरे वाटते म्हणून तो बंद करणे आणि महिन्याभरात पुन्हा दम उसळणे, हा प्रकार घरोघरी दिसतो. भाऊ सिगारेट ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे; धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यांत स्टेरॉइडचा गुण कमी येतो.

वडिलांच्या बाबतीत मामला वेगळा. वर्षानुवर्षांच्या धुराने अस्तर आणि मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-८ सारखे निरोप सोडत राहतात, न्यूट्रोफिल येत राहतात आणि त्यांच्यातील इलास्टेज हे विकर (एन्झाइम) फुप्फुसाला लवचीकपणा देणारे तंतू तोडत जाते. आपल्या शरीरात या विकराला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन असते. ते जन्मतःच कमी असलेल्या काही रुग्णांना तरुणपणीच फुप्फुसाचा ऱ्हास होतो, हे स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ साली दाखवले, आणि सीओपीडीविषयीच्या पुढच्या विचाराचा बराचसा पाया तिथे घातला गेला. विडी-सिगारेट सोडल्यावर नुकसानीचा वेग घटतो, तरी सूज पूर्णपणे जात नाही. आयुष्य चुलीपुढे काढलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. त्यांच्यात वायुकोश फाटण्यापेक्षा लहान नलिका जाड आणि अरुंद होण्याचा भाग अधिक असतो.

येथे स्टेरॉइड का लंगडे पडते? पेशीत शिरलेले स्टेरॉइड केंद्रकात जाऊन दाहाची जनुके बंद करते आणि त्यासाठी त्याला एचडॅक-२ नावाच्या विकराची मदत लागते. जनुक वाचले जाण्यासाठी उलगडलेला गुणसूत्राचा भाग हे विकर पुन्हा घट्ट गुंडाळते. धुरातील ऑक्सिडीकारक द्रव्यांमुळे सीओपीडीच्या रुग्णांत तेच घटलेले असते. थिओफिलिन हे जुने, स्वस्त औषध कमी मात्रेत दिल्यास एचडॅक-२ ची क्रिया परत येते, असे प्रयोगशाळेत दिसले होते आणि त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली होती; पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत स्टेरॉइडच्या पंपाला थिओफिलिनची जोड देऊनही आजार उसळण्याचे प्रमाण कमी झाले नाही. पेशीत खरे ठरलेले माणसात खरे ठरेलच असे नाही. शिवाय सीओपीडीत स्टेरॉइडच्या पंपाने न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यामुळे फायदा थोडा आणि जोखीम बरीच असा हिशेब असेल, तेव्हा नलिका रुंदावणारी दोन दीर्घकाळ टिकणारी औषधे एकत्र देणे अधिक शहाणपणाचे ठरते. वडिलांना बहुधा हेच दिले असावे. त्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल, तर स्टेरॉइड टाळण्यास आणखी एक कारण मिळते.

सीओपीडीतही स्टेरॉइडचा उपयोग होणारे रुग्ण असतात. त्यांच्या सुजेत इओसिनोफिलचा वाटा असतो, आणि तो ओळखण्याची सोय साध्या रक्ततपासणीत आहे.

प्रश्न : माझ्या सीबीसी अहवालात इओसिनोफिल ९ टक्के आले आहेत. खोकला रात्री जास्त येतो. ओळखीच्या एकाने ‘हा ॲलर्जीचा दमा, पंप सुरू करा’ असे सांगितले. करावा का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : आधी टक्केवारीची संख्या करून घ्यावी. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० असतील, तर ९ टक्के म्हणजे दर मायक्रोलिटरमध्ये ७२० इओसिनोफिल. सीओपीडीच्या रुग्णांत ही संख्या ३०० किंवा त्याहून अधिक असेल तर स्टेरॉइडच्या पंपाचा फायदा होण्याची शक्यता चांगली, आणि १०० पेक्षा कमी असेल तर फारशी नाही, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे मानतात. मात्र ही संख्या केवळ दम्यामुळेच वाढते असे नाही. पोटातल्या जंतांमुळे ती वाढते, काही औषधांमुळे वाढते, आणि तुम्ही पूर्व विदर्भात राहता म्हणून मुद्दाम सांगतो, हत्तीरोगाच्या परजीवीमुळेही वाढते. या परजीवीविरुद्ध फुप्फुसात उमटणाऱ्या एका तीव्र प्रतिक्रियेत रात्रीचा खोकला आणि घरघर हुबेहूब दम्यासारखी असते, इओसिनोफिलची संख्या बहुधा ३,००० च्या वर जाते आणि उपचार डायइथिलकार्बामाझिन या औषधाने होतो. तुमची संख्या तितकी नाही, तरी ओळखीच्यांच्या सल्ल्याने पंप सुरू करू नये. छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी) करून घ्यावी. तपासणीआधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर संख्या फसवी कमी दिसते, हेही लक्षात असू द्यावे.

इओसिनोफिल मोजण्याला एवढे महत्त्व कसे आले, याचा इतिहास बोलका आहे. इंटरल्यूकिन-५ ला अडवणारे मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिल्याचा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. रक्तातले आणि थुंकीतले इओसिनोफिल घटले, पण दम्याच्या झटक्यावर काही परिणाम दिसला नाही. नंतरच्या मोठ्या चाचणीतही निराशाच पदरी पडली आणि हे औषध बाद झाल्यात जमा होते. मग दोन गटांनी फक्त असे रुग्ण निवडले, ज्यांच्या थुंकीत स्टेरॉइड घेऊनही इओसिनोफिल होते. २००९ साली त्यांचे निष्कर्ष आले आणि दमा उसळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटल्याचे दिसले. औषध तेच होते, आधीच्या चाचण्यांत रुग्णांची सरमिसळ झाली होती. २०१५ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली; इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचा ग्राही अडवणारे ड्युपिलुमॅब तर २०२४ साली तिथे इओसिनोफिल वाढलेल्या सीओपीडीसाठीही मान्य झाले. ही इंजेक्शने फार महाग आहेत आणि बहुसंख्य रुग्णांना त्यांची गरजही नसते.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे नियमित घेतले तर फुप्फुसाची सूज कमी होईल का? आणि कोविडमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड कसे काय चालले? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दमा किंवा सीओपीडीत प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून सूज येत नाही. ती नको त्या ठिकाणी, नको तितका वेळ कामाला लागलेली असते. ‘वाढवणे’ हा शब्द जाहिरातींना सोयीचा आहे. अशा रुग्णाच्या दृष्टीने तो निरर्थक आहे.

कोविडचे उत्तर वेळेत दडलेले आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्याला रोखण्यासाठी इंटरफेरॉन हा निरोप हवा असतो. अत्यवस्थ झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली, यावरून त्याचे मोल कळते. पुढे ज्यांची प्रकृती बिघडली त्यांच्यात विषाणूपेक्षा इंटरल्यूकिन-६ सारख्या निरोपांच्या भडिमाराने वायुकोश पाण्याने भरत होते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष नेमका हाच फरक दाखवून गेला. डेक्सामिथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, या प्रमाणात दिल्यावर व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. आपल्याकडे २०२१ च्या लाटेत हा भेद पुष्कळ ठिकाणी पाळला गेला नाही, घरच्या घरी मोठ्या मात्रेत आणि लांबलचक काळ स्टेरॉइड घेतले गेले, साखर बेसुमार वाढली आणि म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे व जबडे गेले.

प्रश्न : संधिवातासाठी मला टीएनएफ अडवणारे इंजेक्शन सुचवले आहे. त्याआधी क्षयरोगाच्या तपासण्या करायला सांगितल्या. मला खोकला नाही, घरात कोणाला क्षयरोग नाही. हा खर्च टाळता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : टाळू नये. क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना आजार होत नाही, कारण मॅक्रोफेज आणि टी पेशी त्यांच्याभोवती गाठ बांधून त्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात. ही गाठ टिकवून धरणारा प्रमुख निरोप टीएनएफचाच असतो. तो अडवला की सांधे सुधारतात, पण गाठ सैल पडते आणि आतले जंतू बाहेर पडतात. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे औषध घेणाऱ्यांमधील क्षयरोगाच्या ७० घटना २००१ साली नोंदवल्या गेल्या, तेव्हापासून ही तपासणी सक्तीसारखी झाली. भारतात जंतू आत दडलेले असण्याची शक्यता इतकी मोठी आहे, की घरात रुग्ण नसल्याचा दिलासा फारसा कामाचा नाही. छातीचा एक्स-रे आणि मान्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही तपासणी करून घ्यावी. दडलेला संसर्ग आढळला, तर आधी प्रतिबंधक औषधे सुरू केली जातात आणि इंजेक्शन काही आठवड्यांनी देता येते.

जाता जाता : सीओपीडीतही टीएनएफ वाढलेले असते म्हणून तिथे इन्फ्लिक्सिमॅब देऊन पाहिले गेले, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. तुमचे इंजेक्शन सुरू झाल्यावर बारीक ताप, वजन घटणे किंवा मानेत गाठ असे काही आढळल्यास खोकल्याची वाट पाहू नये. या औषधांवर असताना क्षयरोग पुष्कळदा फुप्फुसाबाहेर उफाळतो.