प्लास्टिकच्या डब्यामुळे खरंच वजन वाढतं का?

हिंजवडीत रात्रपाळी, खाणं पूर्वीइतकंच, तरी वजन वाढतंय. यात मायक्रोवेव्हमधल्या प्लास्टिकच्या डब्याचा हात आहे का, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता बायको गरोदर असल्याचंही लिहिलंय. मला तुमच्या वजनापेक्षा ती गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

वजन वाढवणारी रसायनं ही अफवा नाही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्रून आणि ब्लूमबर्ग या संशोधकांनी त्यांना ‘ओबेसोजेन’ असं नाव दिलं. ते ट्रायब्युटिलटिनवर काम करत होते. जहाजाच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून हे रसायन रंगात घालत. गाभण उंदरिणींना ते दिल्यावर पिल्लांच्या अंगात चरबी जास्त साठली. मूळ पेशीने हाड व्हायचं की चरबी, हे ठरवणारी कळ ते चरबीच्या बाजूला दाबतं, आणि ती दाबली जाते पोटात असतानाच. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए आणि थॅलेट्स यांच्यावरही संशय आहे, पण माणसांत अजून संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही.

तुमच्या बाबतीत मी आधी झोपेकडे बघेन. झोप अपुरी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. शिवाय स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरचं ओलान्झपिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट या औषधांनीही वजन वाढतं. यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका.

आता बाळाबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या गावांतल्या बाळांची मोजमापं घेतली. सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून! ज्या आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं.

म्हणजे पोटातल्या दिवसांचा परिणाम पुढे टिकतो, आणि प्लास्टिकवर संशय आहेच; म्हणून गरम भाजी-आमटी स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात ठेवा. अमृततुल्यचा उकळता चहा पातळ पिशवीत बांधून घरी आणू नका, मिसळीचा रस्साही नको. सोबत किटली न्या. आणि घरी शाकाहार असेल, ज्यात बी-१२ कमी मिळतं, तर पुढच्या तपासणीत वहिनींच्या बी-१२ बद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.