घरगुती व्यवसायासाठी डोमेन आणि वेबसाइट कशी करावी? एकजण सगळं मिळून १५ हजारांत करून देतो म्हणतोय, द्यावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं : गुहागरजवळ तुम्ही आणि आई मिळून कोकम आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी विकायला सुरुवात करताय, लेबलं अजून छापायची आहेत, आणि ओळखीतला एक मुलगा "डोमेन, होस्टिंग, वेबसाइट, सगळं माझ्यावर सोडा" म्हणतोय.

वेबसाइटचं काम त्याला खुशाल द्या. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तेवढं त्याच्यावर सोडू नका. ते आज रात्री जेवणं उरकल्यावर तुम्ही स्वतः घ्या, अर्ध्या तासाचंही काम नाही.

माझं साताऱ्यात छपाईचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, पॅकेटची लेबलं. गेली काही वर्षं गिऱ्हाइकांच्या छोट्या वेबसाइटही करून देतो. पण ही अक्कल दुकानातून आली नाही, घरातून आली.

माझ्या वहिनी मसाले करतात. २०१७ मध्ये दुकानात येणाऱ्या एका वेबसाइटवाल्या मुलाकडून मीच मध्ये पडून त्यांची साइट करून घेतली. डोमेन त्यानेच घेतलं, त्याच्या खात्यातून, त्याच्या ईमेलवर. आम्ही पैसे दिले आणि विसरलो. दोन वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर मी वहिनींना चिवडा मसाल्याचे ५,००० पाउच छापून दिले, मागे ठळक अक्षरात वेबसाइटचा पत्ता. आठवडाभरात इचलकरंजीहून एका बाईंचा फोन आला, "अहो, तुमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती उघडतायत." डोमेनची मुदत संपली होती. आठवणीचे सगळे ईमेल त्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर गेले होते, आणि तो नोकरी लागून सातारा सोडून गेला होता. माणूस लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याचा नंबर बदलला होता, एवढंच. तो सापडेपर्यंत अकरा दिवस गेले. डोमेन सोडवायला नेहमीच्या फीवर सहा-सात हजार दंड पडला, तोही त्याच्याच खात्यातून भरावा लागला, कारण रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) लेखी मालक तो होता, वहिनी कोणीच नव्हत्या. ते अकरा दिवस आमच्या घरात रात्री टीव्हीसमोर बसून सगळे पाउचवरच्या पत्त्यावर फोन नंबरचे स्टिकर चिकटवत होते. भाच्याने काही स्टिकर उलटे लावले, तेही तसेच गेले.

आपण "डोमेन विकत घेतलं" म्हणतो, पण ते विकत कधी मिळत नाही. नगरपालिकेच्या गाळ्यासारखं असतं : पावती ज्याच्या नावावर त्याचा गाळा, आणि तोही मुदत आहे तोवर. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची मुदत घेता येते. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात भरू देतो (किती, हे प्रत्येकाचं वेगळं, कमाल ४५ दिवस). त्यानंतर ३० दिवस दंडासह सोडवता येतं. मग ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर नाव खुल्या बाजारात. तिथे टपून बसलेले लोक असतात, त्यांच्या हाती गेलं की ते मागतील ती किंमत.

म्हणून तीन गोष्टी तुमच्याच हव्यात. रजिस्ट्रारकडचं खातं तुमच्या नावाने, ईमेल तुमचा रोज उघडला जाणारा, आणि मोबाइल नंबर जो तुम्ही पुढची काही वर्षं बदलणार नाही. डॉट कॉम घेतलंत तर नोंदणीनंतर ईमेलवर एक खात्रीची लिंक येते, ती १५ दिवसांच्या आत दाबावी लागते. नाही दाबली तर चालू साइट बंद पडते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

दर बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बघूच नका. ९९ रुपये, १९९ रुपये हे गळाला लावलेलं गांडूळ. बारीक अक्षरात 'रिन्यूअल' लिहिलेलं असतं ते वाचा. डॉट कॉमला ते सहसा हजार-दीड हजाराच्या आसपास येतं, वर १८ टक्के जीएसटी. पैसे भरण्याआधी टोपलीत काय काय आपोआप पडलंय तेही पाहा : होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची भाड्याची जागा), ईमेल, 'सुरक्षा कवच', लोगो. सगळ्यांवरची खूण काढा, फक्त डोमेन ठेवा. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डातून दरवर्षी आपोआप पैसे कापायला वेगळी परवानगी नोंदवावी लागते, आणि ती नसली तर व्यवहार गुपचूप नापास होतो. मी गिऱ्हाइकांना सरळ तीन वर्षांचं घ्यायला लावतो आणि तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो. हसू नका, तो एकच उपाय आजवर चुकलेला नाही.

डॉट कॉम की डॉट इन? आपलं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, त्यामुळे दोन्ही चालतात. मिळत असतील तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा. डॉट भारतसुद्धा आहे, २०१४ पासून देवनागरीत पूर्ण पत्ता घेता येतो. मला तो बघायला फार आवडतो. धंद्याचा मुख्य पत्ता म्हणून मात्र सुचवणार नाही, कारण गिऱ्हाइकाला कीबोर्ड बदलावा लागतो, आणि लिंक कॉपी करून पाठवली की कधी कधी एक्सएन डॅश डॅशने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. लोकांना वाटतं व्हायरस आहे.

नाव निवडताना बहुतेक जण दिसायला कसं आहे ते पाहतात. आपल्याकडे नाव कानावर पडतं, तेव्हा ते फोनवर तपासा. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिण्याच्या दहा तऱ्हा असतात. 'श्री'ला डबल ई की आय? 'स्वाद'ला व्ही की डब्ल्यू? 'अन्नपूर्णा'त यू की डबल ओ? 'कोकण'मध्ये मध्ये एन घालायचा की नाही, यावर तर घरातल्या घरात दोन पक्ष पडतील. असं करा : मावशीला फोन लावा, नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि तिला ते इंग्रजीत टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. चार जणांना असं विचारा. चौघांनी चार तऱ्हेने लिहिलं तर ते नाव दुकानाच्या पाटीवर राहू द्या, डोमेनला दुसरं शोधा. डॅश तर नकोच. "मध्ये आडवी रेघ आहे हां" हे वाक्य तुम्हाला जन्मभर म्हणावं लागेल.

लेबलं त्यानंतर छापा. मी छपाईवाला असून सांगतोय.

आता वेबसाइट. चार पदार्थांसाठी कार्ट, लॉगिन, कूपन असलं दुकान पहिल्या दिवशी नको. एक पान पुरे : पदार्थ, वजन, भाव, कुरिअर कुठे कुठे जातं, तुमचा फोटो, आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. बटणाच्या लिंकमध्ये नंबर ९१ लावून सलग लिहायचा, पुढे शून्य किंवा अधिकचं चिन्ह नाही. आमच्याकडे दहापैकी दोन बटणं याच कारणाने मुकी निघतात. ऑनलाइन पैसे घ्यायचे झाले तर पेमेंट गेटवेवाले साइटवर पैसे परत करण्याचे नियम, गोपनीयतेचं पान आणि संपर्काचा पत्ता आहे का ते आधी बघतात. खाण्याचे पदार्थ आहेत, तेव्हा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर लेबलावर लागेलच, तो साइटवरही टाका.

साइटइतकंच, सुरुवातीला कदाचित जास्तच, गुगलचं बिझनेस प्रोफाइल कामाला येतं. फुकट आहे, नकाशावर दिसतं, गुहागरला फिरायला आलेला माणूस त्यावरूनच तुमच्या दारात येईल. मग साइट कशाला, असं अनेक जण विचारतात. याच प्रोफाइलसोबत गुगल पूर्वी एक फुकट साइटही देत असे. मार्च २०२४ मध्ये त्या साइट बंद झाल्या, जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना प्रोफाइलकडे वळवलं, पुढे तो पत्ता संपला. ज्यांनी तो कार्डावर, टेम्पोवर रंगवून घेतला होता त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. स्वतःचं डोमेन असतं तर मागचं घर बदललं असतं, पाटी तीच राहिली असती.

होस्टिंग त्या मुलाच्या खात्यात असलं तर माझी फारशी हरकत नाही. ते उद्या उचलून दुसरीकडे नेता येतं, साइटची एक प्रत महिन्यातून एकदा तुमच्याकडे घेत जा म्हणजे झालं. डोमेन आणि होस्टिंग जोडताना तो तुमच्याकडे लॉगिन मागेल. देऊ नका. त्याला विचारा, "कुठली नोंद बदलायची ते लिहून पाठव." तो दोनपैकी एक सांगेल. एक तर दोन नेमसर्व्हरची नावं देईल, किंवा ए रेकॉर्डसाठी (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद) ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे. ए रेकॉर्डवाला मार्ग घ्या. नेमसर्व्हर बदलले की डोमेनच्या सगळ्या नोंदींचं चोपडंच त्याच्याकडे जातं, ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारी एमएक्स नोंदसुद्धा. मी एकदा एका वकिलांच्या साइटसाठी नेमसर्व्हर बदलले आणि त्यांचा ईमेल दोन दिवस बंद पाडला. पाठवणाऱ्यांना पत्रं परत जात होती, आणि वकीलसाहेबांना वाटत होतं सुट्टीमुळे शांतता आहे. बदल केला की दहा मिनिटांत दिसेल किंवा दुसरा दिवस उजाडेल. मधल्या वेळात पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

पत्ता https ने सुरू व्हायला हवा, म्हणजे साइटवर एसएसएल हवं, जाणारी-येणारी माहिती झाकून नेणारी सोय. नसेल तर क्रोम जुलै २०१८ पासून 'असुरक्षित' असा शिक्का मारतो. याचे वेगळे दोन-तीन हजार कोणी मागितले तर हात जोडा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एसएसएल प्रमाणपत्र फुकट असतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवतात.

एक गोष्ट खास मराठीतल्या साइटसाठी. लेबलाचा मजकूर तुम्ही डीटीपीवाल्याकडून आणाल, तो बहुधा श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टपद्धतीत असेल. तो साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मग वेबसाइटवाला वैतागून त्याचा फोटोच लावतो. दिसायला सुंदर, पण 'कुळथाचं पीठ' असं शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणं अवघड, आणि आजोबांना मोबाइलवर अक्षरं मोठीही करता येत नाहीत. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करतो त्या पद्धतीत, पुन्हा टाइप करून घ्या. मुक्ता हा फॉन्ट फुकट आहे आणि मोबाइलवर छान वाचता येतो. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायलाही सांगा, नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शेवटी 'पुऱ्या' आणि 'दुसऱ्या' हे शब्द कुठेतरी लिहून पाहा, ऱ्या नीट उमटला की बाकीचं उमटतं.

आता तुमचे १५ हजार. फोटो तो स्वतः येऊन काढणार असेल, मजकूर टाइप करणार असेल आणि पहिल्या वर्षाचं होस्टिंग त्यात असेल तर मला जास्त वाटत नाहीत. नुसतं तयार साच्यात तुमचं नाव घालून देणार असेल तर निम्मे सांगा. दुसऱ्या वर्षी किती द्यायचे आणि भाव बदलायचा झाला तर प्रत्येक वेळी त्यालाच फोन करावा लागेल का, हे दोन्ही आधी विचारा. तुम्हाला स्वतः भाव बदलता आला पाहिजे, आमसुलांचा दर काही वर्षभर एक राहत नाही. तो वर्डप्रेस (साइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर अ‍ॅडमिनचं लॉगिन तुमच्या नावाने करून घ्या.

डोमेन त्याने आधीच घेऊन ठेवलं असेल तर भांडू नका. तुम्ही त्याच रजिस्ट्रारकडे आपलं खातं उघडा आणि त्याला डोमेन त्या खात्यात सरकवायला सांगा, बहुतेक ठिकाणी ते दोन-चार क्लिकचं काम असतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर मात्र नोंदणीनंतरचे ६० दिवस थांबावं लागतं, मग डोमेनवरचं कुलूप काढून हलवण्यासाठी एक कोड मिळतो. तोवर उरलेले पैसे हातात ठेवा.

डोमेन घेतल्यावर आठवडाभर फोन येऊ शकतात, "वेबसाइट बनवायची का?" म्हणून. कधीतरी चीनहून एक ईमेलही येईल, तुमच्या नावाचं डोमेन तिथे दुसरी कंपनी घेतेय, ताबडतोब उत्तर द्या, अशा मजकुराचा. उत्तर देऊ नका, तो अनेकांना येतो. मलाही दोनदा आलाय.