शोषण, अवशोषण आणि झोपाळ्याच्या कड्या

प्रश्न असा आहे: ठरावीक लयीत रेटे मिळणारा दोलक (झोपाळ्यासारखी मागेपुढे झुलणारी वस्तू) जी शक्ती घेतो, तिला ‘शोषलेली शक्ती’ म्हणावं की ‘अवशोषित शक्ती’? ‘शोषण’ म्हटलं की पिळवणूक आठवते, म्हणून विचारणाऱ्या ताई अडखळल्या आहेत.

अडखळू नका. ‘अवशोषण’ हा हिंदी पाठ्यपुस्तकांतला शब्द. मराठीत ‘शोषण’ धडधाकट असताना तो ‘अव’ कशाला हवा?

मला त्याहून जास्त खटकतं ते ‘शोषण म्हणजे चोखणं’ हे स्पष्टीकरण. चांगली जाणती माणसं ते देतात आणि ते साफ चूक आहे. चोखण्याचा संस्कृत धातू चूष्. शोषण आलं शुष् पासून, म्हणजे वाळणं. शुष्क त्यातलंच, आपलं सुकं आणि सुकणं त्यातलंच, तहानेनं घशाला पडणारा शोषही त्यातलाच. गीतेत आत्म्याबद्दल ‘न शोषयति मारुतः’ म्हटलंय. वारा त्याला वाळवत नाही, असा अर्थ. वारा चोखणार कसा? मदनाच्या पाच बाणांपैकी एकाचं नावच शोषण. तो लागला की माणूस झुरून वाळत जातो. किती नेमका शब्द आहे हा!

आणि माझ्या मते भौतिकशास्त्रात तर तो फारच चपखल बसतो. घरातल्या झोपाळ्याला पायानं लयीत रेटा देत राहा. झोका वाढत वाढत एका उंचीवर थांबतो, पण रेटा चालूच ठेवावा लागतो. मग ती ऊर्जा जाते कुठे? कड्यांच्या कुरकुरीत, हवेच्या विरोधात, शेवटी उष्णतेत. त्यानंतर झोपाळ्यात नव्यानं काहीच साठत नाही, पोटऱ्या मात्र भरून येतात. स्पंज पाणी धरून ठेवतो, शोषखड्डा जेवढं येईल तेवढं जिरवतो. दोलक हा शोषखड्डा आहे. देणारा वाळतो, घेणारा फुगत नाही. शुष् तो हाच!

रेट्याची लय झोपाळ्याच्या अंगच्या लयीशी जुळली की हे शोषण सर्वांत जास्त, कारण रेटा आणि वेग सतत एकाच दिशेला असतात. कड्यांत तेल घालून विरोध निम्मा केलात, तर त्याच जोराच्या रेट्यातून झोपाळा दुप्पट शक्ती ओढतो. छोट्या झोक्यांपुरतं हे गणित पक्कं आहे.

तेव्हा ताई, ‘शोषलेली शक्ती’च लिहा. फक्त तिच्या जागी ‘ऊर्जा’ लिहू नका. शक्ती म्हणजे दर सेकंदाला घेतलेली ऊर्जा, ती वॅटमध्ये मोजतात.